तक्त्यात नसलेलं विमान

कोबीच्या वाफ्यात उलटा पडलेला एक बूट.

तोफेच्या नळीवर पांढरा पट्टा. रंग ओला.

सव्वाचार वाजता दुसरं विमान, याच वाटेनं.

एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा आणि काखोटीला पॅराशूट अशा थाटात वैमानिक तोफेच्या ठाण्यावर पोचला, तेव्हा चार वाजून गेले होते. त्याचं विमान आपल्याच लोकांनी पाडलं होतं, आणि ते लोक नळीवर विजयाचा पट्टा रंगवत होते.

"तुम्हीच होय आत?" तोफेचा प्रमुख म्हणाला. सगळे त्याला मामा म्हणत. "लागलं-बिगलं नाही ना? चहा टाकू?"

"चहा गेला खड्ड्यात! विमान आपलं होतं, मामा!"

"असं कसं? दोन शेपट्या होत्या की." मामाने तोफेमागच्या भिंतीवरच्या तक्त्यावर बोट टेकवलं. विमानांच्या काळ्या आकृत्यांत दोन शेपट्यांची एकच, आणि ती शत्रूची. "आपल्यात दोन शेपट्यांचं नाहीच."

"मग मी काय झाडावरून पडलो?"

"तसं नाही हो. पण तक्त्यात नाही ते आभाळात कुठून येणार?"

वैमानिकाने कपाळावर हात मारून घेतला. थोड्याच वेळात त्याचा धाकटा मेहुणा तसंच विमान घेऊन इथूनच परतणार होता. त्याने मामाला फोनपाशी अक्षरशः ढकललं. मुख्यालयातून उत्तर आलं : साहेब बैठकीत आहेत, लेखी हुकूम येईपर्यंत तक्ता पाळा.

"अहो, बायकोचा भाऊ आहे तो! तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

"मेहुणा होय?" गोळे भरणारा जाड्या खिदळला. "माझा असता तर पट्टा मी स्वतः रंगवला असता."

"गप रे," मामा म्हणाला. इतक्यात घरघर ऐकू आली. मामाने दुर्बीण लावली आणि त्याचं तोंड उतरलं. "दोन शेपट्या. साहेब, बाजूला व्हा. माझ्या हातात काही नाही."

"तोफ आहे ना हातात!"

ठाण्यावर तोफ एकच होती. आता बोलण्यात अर्थ नव्हता. मोज्यातला पाय चाकावर देऊन वैमानिक वर चढला आणि घोड्यावर बसावं तसा नळीवर बसला. नळी आभाळाकडे रोखलेली, त्यामुळे तो घसरायला लागला. ओल्या पट्ट्यासकट त्याने तिला मिठी मारली.

"अहो, उतरा! माणूस बसलेला असताना मारू कशी?"

"तक्त्यात बघा!"

जाड्या पोट धरून हसत सुटला. विमान डोक्यावरून गेलं, टेकडीपलीकडे उतरलं. वैमानिक तरीही नळी सोडेना.

"झालं ना आता? उतरा," मामा कावून म्हणाला. "आणि हे मी वहीत लिहू तरी काय?"

नवा तक्ता ठाण्यावर येऊन नऊ दिवस झाले होते. गुंडाळीवर 'अतिगोपनीय, उघडू नये' असा शिक्का होता, म्हणून मामाने ती न उघडता पेटीत ठेवली होती.