कुलरमागचा पॉइंट

आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरात एक नियम होता. कुलरला हात लावायचा तर आधी रबरी चप्पल घालायची. पत्र्याला झिणझिण्या येतात हे सगळ्यांना माहीत. दुरुस्त करावं असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी सून म्हणून आले आणि वर्षभर मुकाट्याने चपला घातल्या.

यंदा सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, एसी घ्यायचं ठरवलं. लोड वाढवायचा तर वीज कंपनीला टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल ठेकेदाराची सही. माझं लायसन्स दोनच महिन्यांपूर्वी आलेलं.

"ठेकेदार घरचीच हाय, सही करून टाक वं मयुरा," मामाजी म्हणाले.

"तपासल्याशिवाय नाई, मामाजी."

ही माझी पहिलीच सही होती. ती खोटी निघाली तर लायसन्स जाणार, आणि "बाईमाणसाचं काम" म्हणून हसायला सगळे तयारच. मी हट्टाला पेटले. अंगणात अर्थिंगचा खड्डा खणवला, प्रत्येक खोलीत अर्थिंगची हिरवी वायर ओढली, बोर्डात आरसीसीबी बसवला, म्हणजे करंट कुठेही गळला की आपोआप पडणारा स्विच. फक्त कुलरमागचा पॉइंट उघडला नाही. घराचं वायरिंग तीस वर्षांपूर्वी मामाजींचे दोस्त भैय्याजी यांनी केलेलं. ते काम बघायला आलेले. म्हणाले, "तिथं अर्थिंग हाय, म्या सोताच्या हातानं देल्लं." वडीलधाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा? त्यांची तिथली हिरवी वायर मी तशीच नव्या अर्थिंगला जोडली.

कुलर लावला. फट्! स्विच पडला. उचलला, पुन्हा फट्! मे महिन्याची दुपार, पंचेचाळीस डिग्री, आणि अख्खं घर पंख्याविना माझ्याकडे बघत होतं.

"तुहा स्विचच खराब हाय," भैय्याजी म्हणाले. "काढ आन् डायरेक्ट दे. तीस वर्षं चाललं, आता काहून नाई चालणार?"

"काढ वं बाई, जीव चालला गरमीनं," मामाजींनीही री ओढली.

मला असा राग आला की कानशिलं तापली. थोडा भैय्याजींचा, जास्त स्वतःचा. मेन बंद केला, कुलर सरकवला, सॉकेट उघडला. आत न्यूट्रल आणि अर्थची पिन इवल्याशा तारेनं एकमेकांना बांधलेली! खऱ्या अर्थिंगच्या जागी हा जुगाड. परत जाणारा करंट थेट कुलरच्या पत्र्याशी जोडलेला, आणि आम्ही सगळे चपला घालून खुश. आता तोच करंट नव्या अर्थिंगमध्ये गळत होता, म्हणून स्विच पडत होता.

तार कापली. मेन चालू केला. कुलर घरघरला, स्विच जागचा हलला नाही. मग मी स्विचवरचं टेस्टचं बटण दाबलं आणि तो लगेच पडला, म्हणजे स्विच ठणठणीत. मीटर लावून सगळे आकडे घेतले, एकूणएक बरोबर. रिपोर्टवर पूर्ण नाव लिहून सही ठोकली, खाली लायसन्स नंबर टाकला. खरं सांगते, नाचावंसं वाटलं.

भैय्याजी तो तारेचा तुकडा हातात घेऊन बसले होते.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "ह्या गल्लीतल्या अर्ध्या घराईत म्या हेच करून ठेवलं. माह्या घरीबी."

मामाजींनी कुलरजवळच्या रबरी चपला उचलून बाहेर ठेवल्या.

"उद्यापासून निघू," भैय्याजी उठत म्हणाले. "घरं म्या दाखवतो. काय करायचं ते तू सांग, म्या आयकतो."

मी टेस्टर पिशवीत टाकला.

"उद्या काहून? आत्ताच चला. पहिले तुमचंच घर."