कुशीतली रिकामी जागा

डाव्या कुशीला थंडगार जेली चोपडून सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी प्रोब वर सरकवला, खाली सरकवला, पेशंटला श्वास रोखून धरायला लावला; परंतु मूत्रपिंडाच्या जागी पडद्यावर नुसती आतडी वळवळत होती. उजवे मात्र ठसठशीत दिसले होते.

"डावी किडनी जागेवर नाही," बाई बोलून गेल्या, आणि तिथेच घात झाला.

शेजारीच उभा असलेला पेशंटचा थोरला भाऊ खाटीक होता. गेल्या वर्षी धाकट्याचे अपेंडिक्स याच इस्पितळात काढले होते, एवढे आठवायचा अवकाश. तो ताडकन बाहेर गेला आणि सर्जनला बखोटीला धरून फरफटत घेऊन आला.

"विकलीस ना रे माझ्या भावाची किडनी?"

"अहो, अपेंडिक्स उजवीकडे असतं—"

ठोसा तोंडावर बसला. रक्ताच्या गुळणीबरोबर दात फरशीवर सांडले.

"दादा, सोड त्यांना!" धाकटा टेबलावरून किंचाळला.

"तू गप पड! जनावरं सोलण्यात जन्म गेला माझा. गुर्दे कुठे असतात ते मला कोण शिकवणार?"

सर्जनचा जीव आता आपल्या हातातल्या प्रोबवर टांगला आहे, हे बाईंना कळून चुकले. गर्भात मूत्रपिंडे ओटीपोटात घडतात आणि मग वर चढतात. क्वचित एखादे चढतच नाही. त्यांनी प्रोब बेंबीखाली दाबला. पाठीमागे सर्जन कोसळल्याचा आवाज आला. त्यावर लाथ, आणि पुन्हा लाथ.

"सापडली! ही बघा, मूत्राशयाच्या मागे! जन्मापासून इथेच आहे!"

खाटीक धापा टाकत पडद्याकडे वळला.

"इतक्या खाली? बकऱ्याची नसते तिथे."

"हा बकरा नाही, तुमचा भाऊ आहे!"

त्याची मूठ सैल झाली. सर्जन कूस धरून गुरासारखा ओरडत होता. धाकटा टेबलावरून उतरला, आणि खाटकानेच सर्जनला उचलून तिथे ठेवले. धाकटा भिंतीला टेकून रडू लागला. बाईंनी सर्जनच्या कुशीवर प्रोब फिरवला. मूत्रपिंडाला आरपार चीर गेली होती आणि भोवतीची रक्ताची काळी कड डोळ्यांदेखत रुंदावत होती.

"यांची... जागेवर आहे ना हो, बाई?"

"जागेवर आहे. पण फुटली आहे. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन झालं नाही, तर हे जातील."

"मग करा की! सर्जनला बोलवा!"

"कुणाला बोलवू?" बाई म्हणाल्या. "इथे सर्जन हे एकटेच."