दोनचं आणि पाचचं दूध

घरातल्या अकरा मुलींत ती सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्या तिला धाकटी म्हणत. सोळावं अजून सरलं नव्हतं आणि कुशीत पाच आठवड्यांचा मुलगा होता. दिवस गेलेल्या आणि बाळंत झालेल्या अल्पवयीन मुलींसाठी चालवलेलं हे घर. नियम मोजके, पण कडक. खोलीच्या दारामागे दुधाचा तक्ता असे. पाजलं की आईनेच वेळ लिहायची. रात्रीचं दूध तीनदा चुकलं, की बाळाचा पाळणा खाली आयाबाईंच्या खोलीत जायचा.

धाकटीचा तक्ता कधीच चुकला नव्हता.

मंगळवारी नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं. आकडा पाहिला, उचलून पुन्हा ठेवलं.

"आठवड्यात वीस ग्रॅम. दीडशे तरी हवेत." तिने धाकटीने खोलीतून आणलेला तक्ता वाचला. "दिवसाला आठ वेळा, घड्याळ लावल्यासारखं. मग जातंय कुठे हे दूध?" ती वॉर्डनबाईंकडे वळली. "इतकं पिऊनही अंग धरत नसेल तर आत काहीतरी आहे. आजच दवाखान्यात भरती करू. रक्तबिक्त काढतील."

धाकटीच्याच खोलीत राहणारी दुसरी मुलगी बाकावर बसली होती. सातवा महिना, आणि तोंडाला विसावा नाही म्हणून नाव पडलेलं रेडिओ. "एवढ्याशा हातात शीर तरी सापडेल का?"

"तुला कुणी विचारलंय?" नर्स म्हणाली.

"नाही. पण पुढचा नंबर माझाच आहे ना."

धाकटीने बाळाची मूठ हातात घेतली. त्याला आतून काही आजार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाठ टेकली की तिला मेल्यासारखी झोप लागे. बाळही गरीब, रडून उठवणारं नव्हतं. सकाळी ती आधी तक्ता भरायची, मग तोंड धुवायची.

"सुई नका टोचू त्याला," ती म्हणाली. "दोनचं आणि पाचचं मी पाजतच नाही. नुसतं लिहिते."

नर्सने हातातला तक्ता टेबलावर ठेवला.

"कधीपासून?" वॉर्डनबाईंनी विचारलं.

"सात रात्री झाल्या. आई म्हणाली होती, तुला झेपायचं नाही. एकदा खाली गेला की तुम्ही परत देणार नाही, असं वाटलं."

वॉर्डनबाईंनी चष्मा काढला. "पाळणा आजपासून खाली. दोनला आणि पाचला आयाबाई तुला उठवतील. जिना उतरून पाजायचं मात्र तूच. डॉक्टरांना आज दाखवू, पण हे खरं सांगून. पुढच्या मंगळवारी पुन्हा वजन."

"वाढलं तर?"

"तेव्हा बोलू. आत्ता शब्द देत नाही."

धाकटीने पेन घेतलं आणि चौदा नोंदी एकेक करून खोडल्या. मग ती खोलीत गेली. रेडिओ पाळण्यातली दुपटी गोळा करत होती.

"मी नेऊन ठेवते खाली. तू बस जरा."

"नको," धाकटी म्हणाली. "माझं मी नेते."