थोरलीच्या पोटावरची चरबी

मित्रांनो, मी एक जुना चरबीचा कण आहे. आहे म्हणतो खरा, पण जळून माझी हवा झाली आहे. ती कशी झाली, तेच सांगतो.

जेवणातल्या चमचाभर तेलातून मी आलो. एक डोकं आणि तीन लांब शेपट्या, असा माझा देह. लॉन्ड्री चालवणाऱ्या एका बाईच्या पोटावर मला जागा मिळाली. ती घरातली थोरली जाऊ. माझं काम काय, तर पडून राहायचं आणि बोलणी खायची! "ताई, जरा कमी जेवा. इस्त्रीच्या टेबलामागे मावत नाही तुम्ही," धाकटी जाऊ म्हणायची. स्वतः ती काडी पहिलवान. थोरली चारचौघांत हसायची आणि घरी मला चिमटीत धरून रडायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एके सकाळी लॉन्ड्रीतला बॉयलर फुटला. भिंत कोसळली, छप्पर खाली आलं. तुळईखाली थोरलीच्या पायाचा चेंदामेंदा झाला. दोघी जावा इस्त्रीच्या लोखंडी टेबलाखाली अडकल्या. फुटक्या नळाचं पाणी ठिबकत होतं, तेवढंच नशीब. धाकटीच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा निघाला. तिने तो थोरलीपुढे धरला.

"तूच खा गं. माझ्या अंगावर कोठार भरलंय, तूच म्हणतेस ना?"

धाकटी हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या यकृतातली साखर संपली आणि रक्तातून हुकूम सुटला: चरबी फोडा! चरबी कापणारी विकरं तुटून पडली. शेजारीपाजारी डोळ्यांदेखत चिरले गेले. मग माझी पाळी. शेपट्या उपटल्या गेल्या. डोक्याची यकृतात साखर झाली. पहिली शेपटी हृदयाने ओढून नेली आणि तुकडा तुकडा तोडत भट्टीत जाळली. मेंदूला शेपटी चालत नाही, म्हणून दुसरी यकृताने त्याच्यासाठी कुटून दिली.

"ताई, तुमच्या तोंडाला नासक्या फळांसारखा वास येतोय!"

"येऊ दे. बोलतेय ना मी अजून?"

तो वास आमच्या कुटलेल्या शेपट्यांचाच होता, मित्रांनो.

पाचव्या दिवशी वर कुदळी वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "इथे कुणी नाही, पलीकडे चला." थोरलीने हाक मारली, ती घशातच विरली. बिस्किटं केव्हाच संपली होती; धाकटीला तर ओठही हलवता येईनात. तेव्हा थोरलीच्या छातीच्या स्नायूंनी माझी शेवटची शेपटी भट्टीत कोंबली. देवा रे, काय तो जाळ! थोरली पुन्हा पुन्हा ओरडत राहिली. "अहो, आम्ही इथे आहोत!" माझा झालेला वायू रक्तातून फुप्फुसात गेला आणि तिच्याच एका हाकेबरोबर ढिगाऱ्याबाहेर पडला. कुदळी मागे फिरल्या.

थोरलीचा पाय गेला, जीव वाचला. भेटायला आलेली शेजारीण म्हणाली, "अगंबाई, किती छान बारीक झालात!" धाकटीने तिला दाराबाहेर काढलं.

मित्रांनो, मला परत जाता येत नाही. तुम्ही तरी कुणाच्या पोटाला हसू नका. मी त्यांच्या खिडकीशी घुटमळतो तेव्हा धाकटी ताटात वाढत असते आणि म्हणत असते, "ताई, अजून एक घास. माझ्यासाठी."