मधल्या पाण्याचा वारा

“आभाळातनं वारा मोजणार? मॅडम, आमी काय येडं हाय व्हय?” होडीचा दोर सोडायच्या आधीच भीमानं विचारलं.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, इंदापूरच्या अंगाला, मासे धरण्यात त्याचा जन्म गेला होता. मोजायला आलेला माणूस काहीतरी काढून घ्यायलाच येतो, हा त्याचा अनुभव. पेट्या, तारा, काठ्या बघूनच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती.

बारामतीच्या कॉलेजातली वल्लरी मॅडम हसली. “समुद्रावर कुठं कुठं काठ्या रोवणार, भीमादादा? उपग्रह वरून लेझरचा उजेड टाकतो. पाणी शांत असलं की तो लख्ख परत येतो. वाऱ्यानं लाटा उठल्या की विखुरतो. त्यावरून वारा कळतो. तो खरं सांगतो का, ते आज इथं ताडून बघायचंय.”

एक काठी होडीवर, एक काठावर. दोन्हींच्या टोकाला वाऱ्यानं फिरणाऱ्या लाल वाट्या. काठावरच्या काठीला शेळ्यांनी धक्का देऊ नये म्हणून भीमाच्या आईला, बानूबाईला तिथं बसवलं होतं. ती बसली, पण लेकाकडं तिनं बघितलं नाही. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

सहा वर्षांमागं होडी मधल्या पाण्यात उलटली आणि भीमाचा धाकटा भाऊ युवराज बुडून गेला. भीमा कसाबसा पोहत आला. म्हणाला, एकाएकी वारा उठला. पण त्या दुपारी बानूबाई काठावरच होती आणि दोरीवरचं तिचं लुगडं हललंसुद्धा नव्हतं. “पिऊन बसला असशील,” एवढंच ती म्हणाली. भीमा थेंबाला शिवला नव्हता हो! पण आईच म्हणते म्हटल्यावर गाव कशाला मागं राहतंय? जाळं नीट करायला समोर दुसरं माणूस लागतं. तेव्हापासून ते कुणी धरेना, म्हणून भीमा दुसरं टोक बाभळीला बांधायचा.

मधल्या पाण्यात होडी डुलायला लागली. वाट्या गरागरा फिरू लागल्या. वल्लरीनं घड्याळ बघितलं. “उपग्रह गेला बघा वरून!”

भीमानं मान वर केली. वर काही म्हणजे काही नव्हतं. ही बया आपल्याला बनवते आहे, असं त्याला वाटलं. तरी इतका वेळ मनात घोळत असलेलं तो विचारून बसलाच.

“मॅडम, त्यो जुना वारा सांगतो का? सा वर्सांमागचा? चैती पुनवंचा?”

युवराजचं सगळं ऐकून तिनं लॅपटॉप उघडला. बराच वेळ शोधलं.

“भीमादादा, तो रोज येत नाही. तीन महिन्यांतून एकदा, तोही चिंचोळ्या पट्ट्यावरून. तेव्हा पौर्णिमेच्या दोन दिवस आधी गेला होता. त्या दिवसाचं माझ्याकडं काहीच नाही.”

भीमाला तिचा भयंकर राग आला. मन राखायला ‘होता वारा’ म्हणाली असती, तर काय बिघडलं असतं? पण वल्हं मारता मारता तो राग ओसरला. बनवायचंच असतं, तर तिनं आत्ताच बनवलं असतं.

काठावर बानूबाई उठून उभी होती. “एवढा येळ काय बोलत व्हतास मधी?”

आता एक शब्द पुरला असता. मशिनमधी वारा निघाला म्हटलं असतं, तर आईनं आणि गावानं मुकाट ऐकलं असतं. भीमानं होडीचा दोर बांधला.

“युवराजच्या दिशीचा वारा इचारला. त्येंच्याकडं न्हाय, आये. त्या दिशी त्यो वरनं गेलाच न्हवता.”

बानूबाई काठीवरच्या वाट्यांकडं बघत राहिली. सकाळपासून त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

“तुझ्या होडीवरच्या गरागरा फिरत व्हत्या. हितनं दिसलं मला.”

“व्हय. मधी वारा व्हता.”

“हितं पान हाललं न्हाय रं, भीमा.” म्हातारीचा आवाज फाटला.

तो जाळं उचलून बाभळीकडं वळला. टोक बांधणार, तेवढ्यात बानूबाईनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि चार पावलं मागं जाऊन उभी राहिली.

“धर ताणून,” ती म्हणाली.