तिच्या स्टेटरच्या तीन तारा

घरामागच्या पवनचक्कीला एकाच दांड्यावर वीज देणारे, तारेच्या वेटोळ्यांचे दोन स्टेटर होते. वरचा नवऱ्याने गुंडाळलेला, खालचा तिने. तांब्याची नऊ वेटोळी, प्रत्येकी ऐंशी फेरे. लेकीच्या छातीतली घरघर वाढली की वाफेचं यंत्र लावावं लागे, आणि इथली लाइन तर कधीही दगा द्यायची. एका स्टेटरची वीज पुरेना, म्हणून हा दुसरा.

बसवल्यावर नवरा म्हणाला, "तुझा मेलाय गं. एक व्होल्ट देत नाही."

पुन्हा करते म्हणत तिने नवा केला. तोही मेला. भिंतीपलीकडे बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं दुकान चालवणारा धाकटा दीर हसला होता, "वहिनी, कॉलेजात हेच शिकवलं का?"

आज दुपारी यंत्र अर्ध्यावरच बंद पडलं. लेकीला खांद्यावर टाकून ती चक्कीच्या खांबाशी गेली. मेलेल्या स्टेटरची खूण तिला ठाऊक होती. जिवंत असेल तर त्याच्या तिन्ही तारा एकत्र पिळल्या की तो पात्यांना जखडतो. मेलेल्याला कसलं सोयरसुतक नसतं. निकामी म्हणून नवऱ्याने भिंतीतल्या नळीत सारलेल्या आपल्या तीन तारा तिने सोलल्या आणि पिळल्या.

पाती जड झाली. रेंगाळू लागली.

"दादा!" भिंतीपलीकडून दीर ओरडला. "चार्जिंग का थांबलं रे?"

नवरा ओल्या हातांनीच धावत आला. तिने पिळलेल्या तारा त्याच्यापुढे धरल्या.

"पहिल्या दिवसापासून माझी वीज तिकडे?"

"अगं, तात्पुरतं. त्याचं दुकान नवं होतं. तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. मग पुन्हा नवा का गुंडाळू दिलास?"

"तूच म्हणालीस, पुन्हा करते. मी कसा अडवणार?"

"अडवलं नाहीस. शेजारी बसून फेरे मोजलेस. एक चुकला तर मागे जायला लावलंस."

भिंतीवरून दिराचं डोकं वर आलं. "एवढं काय त्यात, वहिनी? घरातल्या घरातच आहे ना?"

"तुमच्या बॅटऱ्यांना दम लागत नाही, भावजी. माझ्या तारांना तिकडे जोडलेला डायोडचा संच द्या इकडे."

दोन स्टेटरांच्या तारा थेट एकमेकींना बांधल्या आणि ताल जुळला नाही, तर एकाची वीज दुसऱ्यातच जिरते. ज्याचा त्याला वीज मागे न येऊ देणारा डायोडचा संच, आणि तिथून दोन्ही एका बॅटरीत. नवऱ्याने पक्कड मागायला हात पुढे केला. तिने त्या हातात लेक दिली आणि जोडणी स्वतः केली. बॅटरीच्या मीटरचा काटा हळूहळू वर सरकला.

"झालं ना? आता रागावू नकोस," तो म्हणाला. लेकीला आत नेऊन त्याने यंत्र मांडलं. "औषध घातलंय मी. दाब बटण."

तिने आधी औषधाच्या पेल्याचं झाकण उघडून आत पाहिलं.