उजवा हात

एकोणीसशे चोपन्न साली मी कर्जत तालुक्यात, पोशीरच्या पलीकडच्या एका वाडीवर मास्तर होतो. एका खोलीत चार वर्ग, चाळीस पोरं आणि मी एकटा. साहेब तपासणीला यायचे, म्हणून मी पोरांना एक लबाडी शिकवून ठेवली होती. साहेबाने काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेबाला नुसते हातच हात दिसत, आणि मी उजव्या हाताचं पोर उभं करायचो. दुसरी शिस्त अशी, की उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं आणि वर एक उदाहरण द्यायचं. शेरेबुकात दरवर्षी चांगला शेरा पडायचा. या हुशारीचा तेव्हा मला माज होता.

चौथीतली जया माझं हुकमी पान. तिचा उजवा हात सगळ्यांच्या आधी वर यायचा. बाप नव्हता, आई येसूबाई हातभट्टी लावायची. वाडीत हळद असो की मयत, बाटली येसूबाईकडूनच यायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला होतं, आणि पोलीस ठाण्याच्या हवालदाराला तर चांगलंच होतं. शनिवारी तो तिच्या पडवीतून उठला की त्याला सायकलवर बसवायला दोन माणसं लागत.

शाळा तपासणारे डिपोटी साहेब दर उन्हाळ्यात परीक्षा घेऊन एखादी मुलगी कर्जतला पाचवीसाठी निवडत, राहण्या-जेवणाच्या सोयीसकट. यंदा ती जया असेल, असा शब्द मी येसूबाईला दिला होता. ती म्हणाली होती, "गुरुजी, पोर कर्जतला गेली का मी भट्टी मोडून टाकते. मंग मला कोनासाठी लावाची हाय?"

डिसेंबरात दारूबंदी सप्ताह निघाला. ठाण्याला नवे फौजदार आले होते. शाळाशाळांतून मुलांना दारूपासून सावध करायचं, असा त्यांनी ध्यासच घेतला होता. माणूस खरोखर चांगला होता. वाईट असता तर परवडलं असतं. आमच्याकडे ते हवालदाराला घेऊन आले, आतडी सडल्याचं रंगीत चित्र भिंतीला टांगलं आणि तासभर मनापासून बोलले. मुलांनी मनं घट्ट करावीत, नाही म्हणायला शिकावं, खरं बोलायला भिऊ नये. मलाही पटलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "हातभट्टीची दारू कशी ओळखाल?"

चाळीस हात वर गेले. एकोणचाळीस डावे. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे उत्तर येत होतं, पण त्या पोरांना माझ्यापेक्षा अक्कल जास्त. उजवा एकच, जयाचा. वासावरून, असं काही ती सांगेल या भरवशावर मी तिला उभी केली. विचार केला नाही, हे माझं पाप.

"साहेब, हातभट्टीची दारू काडी लावून ओळखतात. निळा जाळ आला तर ती चांगली असते," जया स्वच्छ म्हणाली. मग उदाहरण आठवून पुढे बोलली, "उदाहरणार्थ, माझी आई तशीच बघते."

हवालदार आपल्या बुटांकडे बघत होता. फौजदारांनी जयाच्या डोक्यावरून हात फिरवला, "शाबास, खरं बोललीस," म्हणाले, आणि बक्षीस म्हणून खिशातली पेन्सिल दिली. शेरेबुकात लिहिलं, "मुलांना विषय उत्तम समजला आहे." तिथून ते सरळ येसूबाईच्या घरी गेले. मडकी कुठे पुरली आहेत हे हवालदाराला कुणाला विचारावं लागलं नाही. ती त्याने स्वतःच्या काठीने फोडली, आणि या घराची आपल्याला त्याच दिवशी खबर लागली, असं पुढे कोर्टात शपथेवर सांगितलं. येसूबाईला तीन महिने पडले.

जयाला शेजारच्या सोनुबाईने घरी नेलं. मी विचारपूस करायला गेलो तर तिने मला पडवीतही घेतलं नाही. "पोरीला कोन बोललं नाय, गुरुजी. तिचं काय चुकलं? तुमी जसं शिकिवलं तसं तिनं सांगितलं," एवढंच बोलून ती भात कांडायला बसली.

महिन्याभराने जया शाळेत आली. तीच जागा, तीच पाटी. बोलायची नाही, पण अभ्यास चोख. मी मनाला समजावलं, पोर सावरली. एप्रिलात येसूबाई सुटून आली आणि त्याच आठवड्यात डिपोटी साहेब आले. मुलीला निदान कर्जतला तरी पोचवू, म्हणजे येसूबाईच्या घरावरून मान वर करून जाता येईल, असं मला वाटत होतं.

साहेबांनी तोंडी हिशेब घातला. पायलीचे शेर, शेराची मापटी, असला धान्याच्या मापांचा, नेहमीचा. हात वर झाले. उजवे तीन-चार होते. जयाचा डावा.

चुकून झालं असेल म्हणून मी तिलाच उभी केली. "जया, तू सांग गं."

"साहेब, मला उत्तर माहीत नाही," ती म्हणाली. पूर्ण वाक्यात.

साहेबांनी आणखी तीन हिशेब घातले. तिन्ही वेळा डावा हात, तिन्ही वेळा तेच वाक्य. चौथीतल्याच दुसऱ्या एका मुलीने दोन बरोबर सांगितले, तिचं नाव कर्जतसाठी लिहिलं गेलं.

साहेब शेरा लिहायला बसले तेव्हा मी जयाच्या जवळ गेलो. तिच्या पाटीवर चारही उत्तरं लिहिलेली होती, चारही बरोबर. मी बघतोय हे पाहून तिने थुंकी लावून तळव्याने पाटी पुसली.

"येत होतं ना गं तुला?" मी हळूच विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात वर केला.